चार डोळ्यांचा नियम

प्रिय रोसविताताई,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. बाजारात पांढऱ्या शतावरीचे कोंब आले आहेत आणि आई रोज त्यांचीच भाजी करते. बँकेचंही छान चाललं आहे. मागच्या महिन्यात सरकारी तपासनीस आले होते. राखीव भांडवल, ठेवींचा विमा, कर्जाची कागदपत्रं, सगळं पाहून गेले. माझी झोप उडाली होती, पण एकही चूक निघाली नाही.

अडलं ते एकाच ठिकाणी. श्टेगमायरकाका निवृत्त झाल्यापासून बाबा एकटेच व्यवस्थापक उरले आहेत, आणि कायद्याने बँकेला दोन व्यवस्थापक लागतात. एकाने ठरवायचं, दुसऱ्याने तपासायचं, म्हणून हा चार डोळ्यांचा नियम. हिवाळ्यापर्यंत दुसरा माणूस मिळाला नाही, तर आपली बँक शहरातल्या मोठ्या बँकेत विलीन होईल आणि गावातली बंद होईल. खानावळीत वाढता वाढता ट्राउडल बाबांकडे बोट दाखवून ओरडली, “अहो, एबरहार्टचा एक डोळा काचेचा! त्याला जोडीदार तीन डोळ्यांचाच शोधा!” सगळ्यांत जास्त बाबाच हसले.

माझा उपयोग नाही. शाळा अर्धवट सोडलेल्याला सरकार या जागेसाठी मान्यता देत नाही, आणि ते बरोबरच आहे. बाबांनी दोन शिकलेले उमेदवार बोलावले. दोघांपुढे मुद्दाम एक अगदी भिकार कर्जप्रकरण ठेवलं. दोघेही म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं, साहेब.” बाबांनी त्यांना कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. मला म्हणाले, “हे डोळे नव्हेत रे, माझेच चष्मे आहेत.”

चार वर्षांपूर्वी लाकडाच्या गिरणीच्या कर्जाला तू बँकेच्या भर बैठकीत ‘नाही’ म्हणालीस. बाबांनी ऐकलं नाही आणि तू हॅम्बुर्गच्या बँकेत निघून गेलीस. पुढे गिरणी बुडाली, तेव्हाही घरात कुणी तो विषय काढला नाही. काल जेवताना बाबांनीच काढला. म्हणाले, “तिची पात्रता सरकार मान्य करेल. तू लिही तिला. मी लिहिलं तर फाडून टाकेल.” काय लिहू, असं विचारलं, तर ताटातला बटाटा कुस्करू लागले. मग म्हणाले, “लिही, मला ‘नाही’ म्हणणारं माणूस हवंय. आणि या वेळी मी ऐकेन.”

ताई, ते शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. तुला चुकीचं कळवायला नको.

तुझाच धाकटा,
लोरेन्झ