नव्या नळीचा निळा रंग जाईपर्यंत मुदत मिळणेबाबत

प्रति,
मा. श्रीमती युनिस टॅलबर्ट,
अधीक्षक, सार्वजनिक नेमबाजी मैदान,
बिटरब्रश काउंटी, मोंटाना.

अर्जदार : व्हर्नन हार्लन ऑस्मुंडसन, वय ५८, धंदा गवत व गुरे.

विषय : मैदानावर येण्यास घातलेली तीस दिवसांची बंदी उठवणेबाबत, तसेच टेबल क्र. ४ रायफलीची नवी नळी तयार होईपर्यंत राखून ठेवणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस दि. ६ ऑक्टोबर; मैदानाचा नियम ७.

महोदया,

सविनय सादर करतो की, मी या काउंटीत जन्मलेला आणि आपल्या मैदानावर तेवीस वर्षे एकही तक्रार न होता नेमबाजी करणारा इसम आहे. दि. ४ ऑक्टोबर रोजी जे घडले ते घडले, हे मी नाकारत नाही. ते का घडले एवढेच सांगू इच्छितो. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

१. माझे वडील श्री. हार्लन ऑस्मुंडसन, वय ८३, यांनी टेकडीपलीकडच्या राखीव भागात एल्क हरणाच्या शिकारीचा परवाना मिळावा म्हणून सलग एकोणीस वर्षे सोडतीत नाव टाकले. ते नाव या जूनमध्ये निघाले. परवाना २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर असा नऊच दिवसांचा आहे. माझ्यावरील बंदी, घटनेच्या दिवसापासून मोजता, ३ नोव्हेंबरला उठते. वडिलांचे गुडघे आपण दरवर्षी अग्निशमन केंद्रातल्या पॅनकेकच्या न्याहारीला पाहताच. ते आणखी एकोणीस वर्षे थांबण्यासारखे राहिलेले नाहीत.

२. वडिलांची रायफल १९६३ सालची आहे. तिची नळी आतून इतकी झिजली होती की, शंभर यार्डांवर गोळी कुठे जाईल हे गोळीलाही ठाऊक नसे. नाव कधीतरी निघेलच या आशेने मी दोन वर्षांपूर्वी नवी नळी खास बनवून घेण्याचे ठरवले. बनवायला नऊ महिने लागले. निवडायला चौदा लागले. पोलाद साधे की न गंजणारे, गोळीला गरगर फिरवणारे आतले आटे कापून काढलेले की दाबून उठवलेले, पीळ दर दहा इंचाला एक की अकरा इंचाला, लांबी बावीस इंच की चोवीस, अशा प्रत्येक प्रश्नाची मी वेगळी वही केली. लांबी ठरवताना वडिलांच्या हाती झाडूचा दांडा देऊन त्यांना ट्रकमधून सोळा वेळा चढ-उतार करावयास लावले. सोळाव्या वेळी ते दांडा टाकून म्हणाले, "पोरा, नळीला आरपार भोक आहे ना? मग झालं की! बायको करताना इतके दिवस लावले नव्हतेस." त्यावर माझी पत्नी लॉरेट्टा स्वयंपाकघरातून ओरडली, "लावले असते तर मलाही विचार करायला वेळ मिळाला असता!" अशा वातावरणात काम करावे लागते, हे आपल्या निदर्शनास आणतो.

३. नळी सप्टेंबरात आली. ती बसवून देणाऱ्या कारागिराने सोबत छापील कागद दिला. त्यावर असे आहे की, पहिल्या पाच गोळ्यांपैकी प्रत्येक गोळी झाडल्यावर नळी पुसावी, आणि गोळीच्या वेष्टनाचे तांबे आत राहिले नाही अशी खात्री होईपर्यंत पुढची गोळी झाडू नये. तांबे आहे की नाही हे कळण्यासाठी चिंधीवर उग्र वासाचे द्रावण घेऊन ती गजाने नळीतून आरपार ढकलायची. चिंधी निळी आली तर तांबे आहे. पांढरी आली तर नळी स्वच्छ.

माझी चिंधी आजतागायत पांढरी आलेली नाही.

मी चार शनिवार टेबल क्र. ४ वर सकाळी आठपासून बसलो. या चार शनिवारांत मी एकूण तीन गोळ्या झाडल्या आणि दोनशे बारा चिंध्या वापरल्या. दुसरी गोळी मी मनाविरुद्ध झाडली, कारण चिंधी फिकट निळी होती आणि मागे सातजण रांगेत उभे होते. तिसरी गोळी पाऊस सुरू झाल्यामुळे झाडली. तिचा मला अजून पश्चात्ताप होतो.

मैदानावरचे आपले सुरक्षा कर्मचारी श्री. क्लेटन रूड यांच्या वर्तनाविषयीही लिहिणे भाग आहे. दि. २० सप्टेंबर रोजी ते सर्वांदेखत म्हणाले, "व्हर्न, ही रायफल आहे की बाळंतीण? नुसता न्हाऊ घालतोयस!" दि. २७ रोजी त्यांनी माझ्या टेबलावर न्हाणीघरातले पिवळे रबरी बदक आणून ठेवले. बदक सोबत जोडलेले नाही. ते त्यांच्या नातीचे असल्याने परत केले.

४. आता मूळ घटनेकडे वळतो. नियम ७ असा की, लोक निशाणाचे कागद लावायला पुढे गेले की भोंगा वाजतो, सर्वांनी पिवळ्या रेषेमागे हात बांधून उभे राहायचे आणि कोणत्याही बंदुकीस बोटही लावायचे नाही. हा नियम योग्य आहे, आणि माझा त्यास विरोध नाही. दि. ४ ऑक्टोबर रोजी भोंगा वाजला तेव्हा माझा गज नळीत निम्म्यावर होता आणि चिंधी द्रावणाने ओली होती. श्री. लुथर नावाचे गृहस्थ दोनशे यार्डांवर कागद लावण्यास गेले आणि तिथेच कोणाशी तरी ट्रॅक्टरच्या भावाबद्दल बोलत राहिले. द्रावण नळीत फार वेळ राहिल्यास पोलाद खाते असे मी वाचले होते. मी अकरा मिनिटे धीर धरला. बाराव्या मिनिटाला माझा हात पुढे गेला. रायफल रिकामी होती, पण श्री. लुथर पुढे उभे होते आणि माझा हात बंदुकीवर होता. यास सबब नाही. श्री. रूड यांनी माझी कॉलर धरली हे त्यांनी बरोबर केले.

५. तरी विनंती की : बंदी रद्द व्हावी, टेबल क्र. ४ मला नव्वद दिवसांसाठी द्यावे, नळीत गज असेल तेव्हा भोंगा वाजवू नये, श्री. लुथर यांना निशाणाचा कागद लावण्यासाठी कमाल चार मिनिटे ठरवून द्यावीत. आणि वडिलांच्या परवान्याची मुदत पुढच्या वसंतापर्यंत वाढवावी अशी शिफारस आपण वनखात्याकडे करावी. एल्क हरणांचा यास विरोध नसावा.

दि. १५ ऑक्टोबर. वरील अर्ज काल लिहून झाला होता आणि आज टपालात पडणार होता. दरम्यान पुढील गोष्ट घडली, ती आपल्यापासून लपवणे योग्य नाही.

आज सकाळी मी घरी जेवणाच्या टेबलावर दोनशे बारा चिंध्या क्रमवार लावत असताना लॉरेट्टाने माझा गज उचलला. त्याच्या टोकाला चिंधी अडकवण्याचे बोंड असते, ते पितळेचे आहे. तिने एक कोरी चिंधी द्रावणात बुडवली, त्या पितळी टोकाला गुंडाळली, बशीत ठेवली आणि कॉफी प्यायला बसली. रायफल वरच्या खोलीत कुलपात होती. कॉफी संपेपर्यंत चिंधी निळीशार झाली.

"चर्चमधली पितळी मेणबत्तीदानं तीस वर्षं मीच घासतेय," ती म्हणाली. "अमोनिया लावला की फडकं निळं होतंच. तू नळी नाही पुसत आहेस, व्हर्न. तू तो गज पुसतोयस."

म्हणजे महोदया, पितळेत तांबे असते, आणि द्रावणातला अमोनिया ते खाऊन निळा होतो. मी दोनशे बारा वेळा स्वतःच्या हाताने तांबे आत नेले आणि बाहेर काढून मोजले. प्लास्टिकच्या टोकाचा गज आणून पुसले तेव्हा पहिलीच चिंधी पांढरी आली. नळी किती दिवसांपासून स्वच्छ होती हे आता कोणी सांगू शकणार नाही.

वडील तेव्हा खिडकीशी बसले होते. हसतील असे वाटले होते, पण हसले नाहीत. म्हणाले, "मला वाटलं, माझ्याच्यानं होणार नाही असं तुला वाटतंय, म्हणून तू टाळतोयस."

मला तसे वाटत नव्हते. पण टाळत मी होतो, हे खरे आहे. ही त्यांची शेवटची शिकार आहे. नळी तयार झाली की ती सुरू होणार, आणि सुरू झाली की नऊ दिवसांत संपणार. नळी पुशीत बसलो होतो तोवर ती पुढे होती. माझ्या आळशी मेंदूने हे मला सांगितले नाही. चिंधीच्या रंगाकडे बोट दाखवून तो मोकळा झाला. वडिलांनी मात्र सहा आठवडे त्या रायफलीतून एकही गोळी झाडलेली नाही, आणि मला विचारलेही नाही.

सबब परिच्छेद ५ मधील सर्व मागण्या मी मागे घेतो. परिच्छेद फाडून टाकणार होतो, परंतु वडील म्हणाले, "राहू दे. बाईंनाही जरा हसू दे." बंदी योग्य आहे. ती मी पूर्ण भोगीन.

बंदी माझ्यावर आहे, त्यांच्यावर नाही. शनिवार दि. १८ रोजी सकाळी दहा वाजता लॉरेट्टा त्यांना रायफलीसह घेऊन येईल; पुढच्या गोळ्या तेच झाडतील. त्यांना हाताच्या दांड्या असलेली खुर्ची लागते. कार्यालयातली आपली स्वतःची खुर्ची तशी आहे, असे श्री. रूड यांच्याकडून कळते. दहा मिनिटे पुरतील. त्या वेळी मला फाटकाबाहेर, ट्रकमध्ये, काच खाली करून दुर्बिणीतून पाहण्याची परवानगी मिळावी. हात मी स्टिअरिंगवर ठेवीन. भोंगा वाजल्यास उचलणार नाही.

पिवळ्या रेषेमागून, आपला नम्र,

व्हर्नन हा. ऑस्मुंडसन

सोबत :
१) वडिलांच्या परवान्याची प्रत.
२) कारागिराचा छापील कागद. तळाशी बारीक अक्षरांत "पितळी टोक वापरू नये" असे आहे, ते आज वाचले.
३) चिंध्या, नग २१२.
४) पितळी टोक, नग १. परत पाठवू नये.