हातभर तांबोशी

प्रिय सदा,

तुला जाऊन वर्ष होत आलं आणि आज पत्र लिहायला बसलोय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून त्याची गंमत कळणार नाही. तुझी उत्क्रांती आज सकाळी आपल्या किनाऱ्यावर उतरली, आणि मी, तुझा कायमचा विरोधक, गुडघाभर पाण्यात उभा राहून टाळ्या वाजवत होतो. लेंगा अजून ओलाच आहे.

तुझी ती सभा आठवते? रापणीच्या, वाडीचं सामाईक जाळं किनाऱ्यावरून ओढणाऱ्या मंडळींपुढे तू फळा घेऊन गेला होतास. आपण मोठ्या तेवढ्या तांबोशी मासळ्या काढून नेतो. अंग लहान असतानाच ज्या अंडी घालतात त्या उरतात, आणि त्यांची पिल्लंही तशीच निपजतात, असं खडूने काढून दाखवत होतास. मी मागून म्हणालो, "सदाच्या शास्त्रात मासे आपले पूर्वज. म्हणजे आज रापणीत कोणाचो आजो गावलो?" सभा हसली. तू फळा पुसलास आणि तो काखेत मारून एकटाच पुढे निघून गेलास. एक शिवी तरी द्यायची होतीस रे!

या मोसमात तांबोशी तळहाताएवढ्या येऊ लागल्या, आणि रापण फुटायची वेळ आली. अख्ख्या वाडीने मिळून एक जाळं ओढायचं कशाला? बारीक आसाचं, पिल्लूही न सुटणारं जाळं घेऊ, वेगळे होऊ, मिळेल ते काढू, असं निम्मे म्हणू लागले. मग मी वहिनींकडून तुझी वही मागून घेतली आणि सभेत उभा राहिलो. पूर्वपक्ष मीच, उत्तरपक्षही मीच. न्यायशास्त्रात हे बसत नाही, पण तू नव्हतास.

रापणीतल्या सर्वांत थोरल्या पार्वतीकाकीने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे मास्तरानू, आमीच त्येंका बारीक केलंव?"

"होय काकी."

"मगे मोठी आमीच सोडूक व्हयी."

"आणि दुसऱ्यान नाय सोडली तर?" तिचा पुतण्या दिनू म्हणाला. वेगळं जाळं घ्यायला सर्वांत उतावीळ तोच.

त्याचं उत्तरही तुझ्या वहीत होतं. माणूस युगानुयुगं लहान टोळ्यांत वाढला; सगळे एकमेकांना दिसतात तिथे तो नियम पाळतो, लांबच्या कचेरीतल्या कागदासाठी पाळत नाही. मी म्हटलं, "दिनू, रापण सगळ्यांसमोर वाळूवर येते. लपवशील खंय?" ठरलं: हातभर तांबोशी पाण्यात परत.

आज पहिल्याच ओढीला तशी एक आली. लालभडक, जिवंत. आणि आली कुणाच्या हातात, तर दिनूच्या! सगळे नुसते बघत होते. त्याने काकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बघतास काय मास्तर? सोडतंय."

आणि सोडली. काकी मागून म्हणाली, "जा गो बाय, तुझ्यासारखी थोराड पोरां घाल."

एका माशाने काही सिद्ध होत नाही, हे तू मला लगेच ऐकवलं असतंस. माशांना बदलायला पिढ्या लागतील, ते बघायला मीही नसेन. पण माणसांना एक सकाळ पुरली. निदान आजची.

उद्याच्या सकाळचं मात्र कोण सांगणार? म्हणून शब्द देतो: उद्यापासून रोज मीही दोर ओढायला जाईन. बघणारे दोन डोळे वाढतील. आणि दोर धरणाऱ्याला वाटा मिळतोच. माझ्या वाट्याला हातभर तांबोशी आली, तर ती मीच पाण्यात सोडेन. सगळ्यांच्या देखत.

तुझा,
अनंत