आप्पा पुलापलीकडे आहेत

दि. ३ मार्च

चि. बारक्यास,
ताईचे अ. उ. आ.

टेलिफोन बंद आहेत, म्हणून पत्र. दूधवाल्याची गाडी स्टेशनापर्यंत जाते, त्याच्याकडे पोस्टात टाकायला देते आहे. घाबरू नकोस, घरात सगळं ठीक आहे. घरात म्हणजे मी आणि पाहुणा. आप्पा पुलापलीकडे आहेत.

बाजारात हातगाडी कुठे लावायची यावरून बाचाबाची झाली, दोघातिघांची डोकी फुटली आणि दिवे लागायच्या आत पुलापलीकडच्यांची दुकानं पेटली. मग नेहमीचंच. आपल्या प्रार्थनाघराचे आप्पा पलीकडच्या प्रार्थनाघराच्या बाबांच्या घरी राहायला गेले आणि ते बाबा आपल्याकडे आले. आपण शाळेत होतो तेव्हापासून हे चाललंय, तुला सांगायला नको. आपलाच म्हातारा त्यांच्या घरात बसलाय म्हटल्यावर त्या घरावर दगड कोण टाकणार? शांत झालं की दोघं एकाच वेळी पुलावरून परत यायचे, वाटेत मिठी मारायचे आणि वर एकमेकांच्या घरच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचे.

पण या वेळी माझा जीव थाऱ्यावर नाही. रिकाम्या हातांनी जायचं हा त्यांचा नियम, म्हणजे कुणाला पिशवीचा संशय यायला नको. आप्पांच्या हृदयाच्या गोळ्या इथे फळीवरच राहिल्या आहेत. निदान खिशात तरी घाला म्हटलं, तर म्हणाले, खिसे चाचपणाऱ्याला काय सांगू? दोन दिवसांत येतोच की. वर मला बजावून गेले की आपलं दुखणं बाबांच्या कानावर जाता कामा नये. पाहुणा आजारी पडला की यजमानावर बालंट येतं म्हणे. ते खोटंही नाही. आप्पांना तिथे काही झालं तर आपले लोक पूल ओलांडायला टपूनच बसलेत.

बाबा मात्र माझ्या स्वयंपाकघरात ठाण मांडून आहेत. भाजी मीच चिरणार म्हणतात, आणि चिरतात अशी की घोड्याला घालावी. भाजीत मीठ कमी झालं तेही सांगतात. गप्प बसले की मला वाटतं यांना सगळं कळलंय. मग मीच काहीतरी बडबडते.

तुझी तब्येत सांभाळ. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई


दि. ६ मार्च

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र डेपोत मिळालं. बसखाली आडवा होतो तसाच वाचलं, ऑइलचे डाग पडलेत त्यावर. खरं सांगू, मला आप्पांचा रागच आला. माणुसकी एक आहे हे आयुष्यभर गावाला सांगितलं, पण स्वतःचं हृदय एकच आहे हे कुणी सांगितलं तर ऐकतील तर शपथ. मागे मी त्यांना म्हटलं होतं की आता पुरे, तरुणांना जाऊ द्या. त्यावर त्यांनी मलाच त्यांच्या जागी पलीकडे जायला सांगितलं आणि मी बदली मागून इकडे पळालो. असो.

मी निघालोच होतो, पण स्टेशनच्या पुढे गाड्या सोडत नाहीत. चालत येईन म्हटलं तर डेपोतल्या साहेबांनी हात जोडले. तेव्हा आता जे काय करायचं ते तुलाच करायचं आहे.

एक सुचतंय. पलीकडच्या तान्ह्या पोरांसाठी आपल्या बाजूने दुधाचे कॅन पुलाच्या मध्यावर ठेवतात ना? ते ठेवणाऱ्यांत शिंपीकाका असणारच, असल्या कामाला तो नेहमी पुढे. त्याच्या हाती गोळ्यांची पुडी दे. कॅनच्या कडीत अडकवून टाकेल, पलीकडच्यांना नाव वाचून कळेल. माझी पहिली फुल पँट त्याने शिवली, वाढत्या अंगाची म्हणून इतकी सैल शिवली की ती मी अजून घालू शकेन. तो आपल्याला नाही म्हणणार नाही. दुसऱ्या कुणाला मात्र बोलू नकोस.

आणि बाबांना सांगून टाक ना. म्हाताऱ्यांच्या शपथा म्हाताऱ्यांपाशी.

आठवण ठेव, रागावलीस तरी चालेल.
तुझा,
बारक्या


दि. ९ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तू म्हणालास तसं केलं. सकाळी शिंपीकाकाला पुलाच्या तोंडाशी गाठलं. तिथे आपल्या आळीतल्यांनी बाकडी टाकून पहारा बसवलाय, चहा पीत बसलेले असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे टकामका बघतात. काकाला बाजूला घेऊन पुडी दिली. आप्पांचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, गोळी केव्हा घ्यायची तेही. काकाने पुडी सदऱ्याच्या आत टाकली आणि म्हणाला, पोरी, तू निर्धास्त घरी जा. त्याच्या तोंडून पोरी ऐकून मला रडूच आलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी आता शाळेत मास्तरणी झाल्यात.

आज कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आता गोळ्या पोचल्यात, तर उगाच त्यांना घोर कशाला? त्यांनी आज अंगण झाडायला घेतलं, मी केरसुणी ओढून घेतली. तर म्हणाले, माझ्या घरी तुझा बाप झाडत असेल, मी बसून कसा राहू?

येण्याची घाई करू नकोस. सुरळीत झालं की आप्पाच तुला लिहितील, आणि त्यात उपदेश असेल, तयारीत राहा.
जीव लावणारी,
ताई


दि. १३ मार्च

ती. ताईंना,
पलीकडच्या बाबांच्या सुनेचा स. न. वि. वि.

तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. हे पत्र आप्पांच्या सोबत गाडीवर पाठवते आहे, म्हणजे तुम्हाला सगळं आधी गाडी बघूनच कळेल. मला क्षमा करा, दुसरा मार्ग नव्हता.

ते आमच्याकडे आनंदात होते. मुलांना गणितं घालायचे आणि उत्तर चुकलं तर स्वतःच अंगठे धरून उभे राहायचे. चारेक दिवसांपासून जिना चढताना थांबू लागले. मी विचारलं तर म्हणाले, तुमच्या घरचं तूप अंगावर आलंय. काल घाम फुटला, तेव्हा मी ओरडले की डॉक्टरला बोलावते. त्यांनी माझा हात धरून ठेवला. म्हणाले, डॉक्टर आला की गावभर होईल, आणि गावभर झालं की पूल पेटेल. थोडं थांब. मी थांबले. ताई, मी का थांबले? सासरे घरात असते तर त्यांनी ऐकलं नसतं. मी सून, वडीलधाऱ्याचं ऐकायची सवय. पहाटे ते गेले.

हृदयाच्या गोळ्या चालू होत्या हे त्यांनी शेवटी सांगितलं, आणि त्या इथे नाहीत हेही. तुम्ही काही पाठवलंत का? आमच्यापर्यंत काहीच आलं नाही. दुधाचे कॅन मी स्वतः उतरवून घेते.

सासऱ्यांना सांभाळा. त्यांना आता कसं परत आणायचं, आम्हाला कळत नाही.
आपली,
पलीकडची एक


दि. १३ मार्च

चि. बारक्या,
आशीर्वाद.

आप्पा गेले. सुनेचं पत्र सोबत जोडलंय, ते आधी वाच, मग हे वाच.

गाडी दुपारी पुलावर आली. आपल्या पहारेकऱ्यांनी ती तिथेच अडवली. उन्हात आप्पांचा सदरा वर केला आणि कुठे वार दिसतो का ते बघत बसले. उताणं केलं, पालथं केलं. मी हात जोडले, कुणी ऐकलं नाही. वार नव्हता. बारक्या, वार नाही म्हटल्यावर त्यांची तोंडं उतरली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग एकजण म्हणाला की विष घातलं असणार, आणि सगळ्यांना हुरूप आला.

आप्पांना घरी अंगणात आणलं तेव्हा पायऱ्यांवरून मी ओरडून सांगितलं की कुणी मारलं नाही, त्यांच्या गोळ्या पोचल्या नाहीत. मी पुडी दिली होती, शिंपीकाकाला विचारा. सगळे त्याच्याकडे वळले. त्याने नुसतं हो म्हटलं असतं तर बास होतं. तो पायाकडे बघत उभा राहिला. मग कुणीतरी मागून म्हणालं की बाप गेल्याने पोरीचं डोकं फिरलंय, आणि दुसरा म्हणाला की घरात बसलेल्या म्हाताऱ्याने शिकवलंय. आप्पांना तसंच अंगणात टाकून सगळे पुलाकडे गेले. खांदा द्यायला माणूस उरला नाही. त्यांच्याच नावाने ओरडत गेले.

बाबा आतून बाहेर आले आणि आप्पांच्या शेजारी जमिनीवर बसले. मला म्हणाले, तू मला आधी का नाही सांगितलंस? आप्पांची शपथ होती म्हटलं. ते म्हणाले, माझ्याही गुडघ्यांचं त्याने कधी तुम्हाला सांगितलं नसेल. आम्ही दोघं गाढव.

थोड्या वेळाने शिंपीकाका एकटाच परत आला. सदऱ्याच्या आतून पुडी काढून माझ्यापुढे ठेवली, घामाने ओली झालेली. म्हणाला, ठेवणारच होतो गं. पण कॅन ठेवताना बाकड्यावरचे बघत असतात, फितूर म्हणाले असते. उद्या ठेवू, उद्या ठेवू, असं म्हणत राहिलो. आणि पोरासारखा हुंदके देऊन रडला. मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या, तळतळाट द्यायचा होता. पण आप्पांनी याच माणसांत आयुष्य घालवलं, आणि यांत वाईट कोण, तेच मला सांगता येईना.

बाबांनी मात्र त्याचा दंड धरला. त्यांना उठताना किती त्रास होतो, तरी उठले. म्हणाले, आत्ता जे हिला सांगितलंस ते तिकडे जाऊन सांग. माझी सून आणि नातवंडं पलीकडे आहेत. मी गेलो तर माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. अजून वेळ आहे.

पुलाकडून आरडाओरडा ऐकू येत होता. शिंपीकाकाने डोळे पुसले. फाटकापर्यंत गेला, कडीला हात घातला, बराच वेळ तसाच उभा राहिला. मग परत येऊन आमच्या शेजारी पायरीवर बसला.

आम्ही तिघं अजून इथेच बसलो आहोत. गाड्या सुरू झाल्या तर ये.
तुझी,
ताई