म्हशीच्या दुधाला शून्य फॅट

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज लिहायला बसलोय ते त्याच्याबद्दल. उंब्रजहून एसटीनं तुमच्या इस्लामपूरच्या कॉम्प्युटर क्लासला यायचा, तो फौजीचा मुलगा. मी बारावीनंतर शिक्षण सोडलेलं, तो इंजिनिअरिंगला. माझा प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालायचा, साधा अर्धविराम चुकायचा नाही. त्याचा अडकायचा, आणि तुम्ही खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसायचात. नीट काम करणाऱ्याजवळ बसायची गरजच कुणाला वाटत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं, पण बरं वाटत नाही.

एक दिवस तर अजून समोर दिसतो. तुम्ही सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताय. कीबोर्डवरून आलेला दशांशाचा आकडा संगणकाच्या लेखी आकडा नसतो, नुसती अक्षरं असतात. त्यांचा हिशेबाला चालेल असा आकडा करून घ्यावा लागतो. मी एटॉफ हे सीमधलं तयार फंक्शन वापरून एका ओळीत करून दाखवतो. तुम्ही मान हलवता. तेवढ्यात तो आकड्याच्या जागी 'चहा' टाइप करतो आणि एटॉफ गुपचूप शून्य देतं. "सर, चहा शून्य? मग आज मिळायचा न्हाई म्हणा की!" क्लास हसतो, सगळ्यांत जास्त तुम्ही. मग तुम्ही स्ट्रटॉड हे दुसरं फंक्शन शिकवता. ते आकडा तर देतंच, वर वाचताना कुठं थांबलो तेही सांगतं. पहिल्याच अक्षराला थांबलं तर समजायचं, आकडा नव्हताच. आणि माझ्याकडं वळून म्हणता, "तुजं काम लय नीट हाय गड्या. पण समदं जग तुज्यावानी नीट टाइप करतंय असं धरून चालतोस तू." संध्याकाळी त्याला स्कूटरवर मागं बसवून तुम्ही स्टँडवर सोडायला गेलात. माझं घर स्टँडच्या पलीकडंच होतं, सर.

स्ट्रटॉड मला त्याचंच वाटायचं. मी एटॉफच वापरत राहिलो.

कडेगावकडच्या एका दूध संकलन केंद्रात माझा प्रोग्राम चालतो. माझं पोट त्याच्यावरच आहे. गेल्या आठवड्यात तिथल्या नव्या मुलानं गवळ्यांची नावं लिहायला कीबोर्ड मराठीत केला आणि दुधाचा दर ठरवणारी फॅटही मराठी आकड्यांतच टाकली. एटॉफला मराठी आकडे कुठले कळायला! पावतीवर शून्य. पहिलीच पावती निघाली ती एका बाईची. "आवं, माजी म्हस नुसतं पानी देती व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं, "वैनी, गोठ्यात म्हस न्हाई, नळ बांदलाय तुमी!" रांग हसली. केंद्राचे सेक्रेटरी हसले नाहीत. "त्या उंब्रजच्या फौजीच्या पोराला दावतो," म्हणाले, "त्यो पुण्यात मोठ्या कंपनीत हाय."

तो यायच्या आत मी सगळं बदललं. मराठी आकडे आधी इंग्रजी करून घेतले, मग स्ट्रटॉड, आणि वाचन मध्येच थांबलं तर पावती न काढता पुन्हा विचारायचं. रविवारी तो आला, माझ्या खुर्चीत बसला. मी मागं उभा. त्यानं मराठीत आकडा टाकला, तो बरोबर उमटला. मग आकड्यात मध्येच अक्षर घुसवलं, दोन ठिकाणी टिंब दिलं. प्रोग्रामनं दोन्ही वेळी पुन्हा विचारलं. तो सेक्रेटरींना म्हणाला, "मला कशाला बोलावलंत? ह्याचंच ठेवा. आमचे सर असते तर त्यांनीबी हेच सांगितलं असतं."

काम राहिलं. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. तुम्ही काय म्हणाला असता हे त्याला न अडखळता सांगता येतं. मला अजून अंदाज करावा लागतो.

त्याचा नंबर माझ्याकडं आहे. आभार मानायला फोन केलेला नाही. तुम्हाला सांगायला हरकत नाही, कारण तुम्ही आता त्याला सांगणार नाही.