बदकांची चाचणी

सोमवार, ३ मार्च
चाचणीला नवे बूट आले. बघताक्षणी हसू! पंजा बदकासारखा फताडा, तळ झुलत्या खुर्चीसारखा वळलेला. नाडी नाहीच — टाचेमागे एक चकती, ती फिरवली की तार आवळते. कारखान्यात सगळे ‘बदक’च म्हणायला लागलेत. डिझायनर पोरसवदा, पहिलंच काम. “ताई, हसा, पण घालून बघा.” बघणारच. बावीस वर्षं तेच करतेय.

बुधवार, ५ मार्च
डोंगरवाटेनं अकरा किलोमीटर. चढाला झकास — वळलेला तळ पाऊल आपोआप पुढे ढकलतो. उतारावर गुडघ्यांची कुरकुर नाही. चकतीत चिखल गेला की मात्र ती हलत नाही. काडीनं कोरत बसले. बूट कुठेही चावला नाही, तशी नोंद केली.

घरी नवरा म्हणाला, “अगं, मोज्याला रक्त!” उजव्या करंगळीशी फोड फुटलेला. मला पत्ताच नाही! आतली गादी फारच मऊ असणार.

गुरुवार, ६ मार्च
चकतीला झाकण हवं. बाकी काही नाही.

शनिवार, ८ मार्च
ओढ्यातला कातळ. ओल्या दगडावर तीनदा आपटले. कोपर सोललं. तळाला पकड नाही — संपला विषय. दिसायला नवलाई, पायाला धोका. शेरा: नापास.

सोमवार, १० मार्च
डिझायनर टेबलाशी येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही, गयावया नाही.

“ताई, त्याच कातळावर तुमचे जुने बूट घालून चाललात का?”

“गरज नाही.”

“पडायच्या आधी पाऊल सरकलेलं कळलं का?”

हा काय प्रश्न! कालचं पोर मला शिकवणार! उद्या ये म्हटलं, डोळ्यांनी बघ. दीड वर्ष राबलाय बिचारा, पण त्याला माझा इलाज नाही.

मंगळवार, ११ मार्च
जुने बूट. तोच कातळ. दोनदा पडले.

मग तो बदक घालून पाच वेळा आरपार गेला. वयानं लहान, अंगानं हलका — मान्य. तरी पाच वेळा! मी कातळावरच बसले होते, मला हात देऊन उठवलं. म्हणाला, “डॉक्टरांना दाखवाल का, ताई?”

पाऊल सरकतं कधी ते कळत नाही. एकदम जमीनच कळते.

गुरुवार, १३ मार्च
डॉक्टरांनी तळपायाला सुई टोचून बघतो म्हणत डोळे मिटायला सांगितले. बराच वेळ गेला. “टोचा की आता,” मी म्हटलं. “चार वेळा टोचलं,” ते म्हणाले. “हे दोनेक वर्षं तरी चाललं असावं.”

गेल्या दोन वर्षांत दिलेले सगळे शेरे आज मागे घेतले.