कर्ता कुठे गेला?

प्रिय मीमी,

काल आमचा विज्ञानलेखनाचा वर्ग संपला. तू मागे फोनवर विचारलं होतंस ना, की आई, या वयात तिथे जाऊन तू शिकतेस तरी काय, तर तेच सांगायला बसले आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण हल्ली तुझा फोन हातात येतो न येतो तोच निसटतो. बरं चाललंय, जेवण झालंय, नंतर बोलू, की संपलं. आणि खरं सांगू? तुझ्या 'बरं चाललंय'वर माझा विश्वास राहिलेला नाही. तू माझ्यापासून काहीतरी लपवते आहेस, असा मला दाट संशय आहे. रागावू नकोस. आधी पत्र पुरतं वाच, मग हवं तेवढं रागाव.

मी मुळातच संशयी, हे तुला नव्यानं सांगायला नको. सगळी नोकरी पोस्टात पार्सलच्या खिडकीवर गेली. आत काय आहे, असं विचारलं की माणूस आधी पार्सलकडे बघतो की माझ्याकडे, यावरूनच मला काय ते कळायचं. पुस्तकं आहेत म्हणून तेलाच्या बाटल्या पाठवणारे मी कितीतरी पकडले. तुझे बाबा म्हणतात, हिला उद्या देव भेटला तरी ही आधी त्याचं ओळखपत्र मागेल. निवृत्त झाले आणि एवढ्या चांगल्या संशयाला कामच उरलं नाही. दूधवाल्यावर आणि बाबांवर किती दिवस भागवणार? तेवढ्यात वाचनालयाच्या फळ्यावर या वर्गाची सूचना दिसली. पहिल्याच दिवशी सर म्हणाले की, विज्ञान लिहिणाऱ्याच्या अंगी पहिल्यांदा संशय हवा. उभ्या आयुष्यात माझ्या दुर्गुणाला कुणीतरी प्रथमच खुर्ची दिली. मी पुढच्या रांगेत जाऊन बसले.

वर्ग वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायचा. तिथली एक खिडकी उघडत नाही आणि दुसरी मिटत नाही, त्यामुळे जागा पकडण्यावरून रोज मारामारी. एक केमिस्ट होते, एक दातांची डॉक्टरीण होती, बाकी कॉलेजातली मुलं-मुली. सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मी शास्त्रज्ञाची आई. नाव सांगायचं राहूनच गेलं, ते सरांनी मागून विचारलं. सरांचं नाव आम्ही 'कशावरून' ठेवलं होतं, कारण तुम्ही काहीही सांगा, आज ऊन आहे म्हणा, ते विचारणार, कशावरून? मला आधी तेही संशयास्पद वाटले. वर्तमानपत्रांत लिहायचो म्हणतात, पण कशावरून? मी खाली जाऊन जुने गठ्ठे काढले, त्यांचे दोन लेख शोधले आणि मगच त्यांची फी दिली. हे त्यांना सांगितलं तर गृहस्थ इतके खूश झाले, की पुढच्या तासाला सगळ्या वर्गासमोर माझं उदाहरण दिलं.

शिकले तसं पुष्कळ. कावळा बसला आणि फांदी तुटली, म्हणून कावळ्याला लगेच फाशी द्यायची नाही, हा एक धडा. दुप्पट झालं असं कुणी म्हटलं, की कशाच्या दुप्पट ते विचारायचं, हा आणखी एक. पण माझ्या डोक्यात जो बसला तो 'करण्यात आले'चा. चाचणी घेण्यात आली, दोष आढळून आला नाही, काही नमुने वगळण्यात आले. असं वाक्य दिसलं की सर लाल पेन काढायचे आणि समासात लिहायचे, कर्ता कुठे गेला? चाचणी कुणी घेतली? दोष कुणाला आढळला नाही? नमुने वगळायला कुणाचा हात पुढे झाला? ते म्हणायचे, कधीकधी कर्ता नसला तरी बिघडत नाही, नळाला पाणी आलं म्हणायला नळवाल्याचं नाव लागत नाही. पण रोज 'मी, मी' करणारा माणूस एकाएकी 'करण्यात आले' म्हणायला लागला, की खुशाल समजा, कुठेतरी पाणी मुरतंय.

त्या दिवशी वाचनालयाचा जिना उतरता उतरताच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तुझं मीमी हे नाव काही लाडानं पडलेलं नाही. बोलायला लागलीस तशी तुझं प्रत्येक वाक्य 'मी'नं सुरू व्हायचं. मी ओतणार, मी उघडणार, मी चढणार. बरणी फुटली तर इतर पोरं पलंगाखाली लपतात, तू तुकडा हातात घेऊन 'मी फोडली' म्हणून सांगायला यायचीस. तुला ओरडावं की तुझा हात बघावा, तेच कळायचं नाही. प्रयोगशाळेत लागल्यावरही तेच. मी आज गोगलगायीच्या शंखाला बारीक भोक पाडलं, मी रोज बघते आहे, मला वाटतं आतून पापुद्रा धरायला लागलाय. मला त्यातलं अर्धं कळायचं नाही, पण तुझं 'मी' ऐकलं की बरं वाटायचं. आणि आता? कामं चालू आहेत. बघितलं जाईल. सध्या ते सगळं थोडं बाजूला ठेवण्यात आलंय. अगं, कुणी ठेवलं बाजूला? गोगलगायी पाळता पाळता तूच गोगलगाय नि पोटात पाय झालीस की काय?

शेवटचा गृहपाठ असा होता, की कुणातरी एका संशोधकाचं काम शेजारच्या माणसालाही समजेल अशा भाषेत लिहायचं. आता शास्त्रज्ञाच्या आईनं विषय कुठे शोधायचा? घरातच होता. गोगलगायीच्या शंखाला तडा गेला तर ती आतून त्यावर पातळ पापुद्रा धरते, मग तो हळूहळू जाड आणि टणक करत आणते. ठिगळ ओळखू येतं, पण शंख पुन्हा कामाला येतो. हे मी बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, तू तर छान लिहायला लागलीस की. मग त्यांनी चष्मा पुसला आणि उगाचच बाल्कनीत गेले. तेव्हा मी फुगले होते, त्यामुळे बाल्कनीकडे लक्ष गेलं नाही. नंतर गेलं.

कारण मग एकेक दिसायला लागलं. लेखासाठी तुझा आताचा फोटो मागितला, तर तू लांब वेणीचा पाठवलास. केस तर तू केव्हाच कापलेस, तूच सांगितलं होतंस. पूर्वी तुझा फोन सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी यायचा, हल्ली भर दुपारी येतो, आणि बोलता बोलता मागे 'टिंग' असं वाजतं. ते वाजलं की तू लगेच फोन ठेवतेस. मी विचारलं, हे काय वाजतं गं? तू म्हणालीस, प्रयोगशाळेतलं यंत्र आहे. असेल बापडं. पण यंत्र वाजल्यावर तू 'या ना' असं का म्हणतेस? गोगलगायींना एवढ्या अदबीनं कधीपासून बोलवायला लागलीस? आणि तुझा फोन आला की बाबा तो घेऊन बाल्कनीत जातात, आत येतात ते थेट वर्तमानपत्राच्या मागे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मला सगळं उलटं करूनही बघायचं होतं. सर म्हणायचे, संशय आला की आधी तो खोटा ठरवायचा प्रयत्न करा. मी केला, अगदी मनापासून. म्हटलं, पोरगी कामात असेल. नवा फोटो काढायला वेळ मिळाला नसेल. थकली की माणूस 'मी' म्हणायलाही कंटाळतो. दुखणं तर नसेल ना, हेही मनात आलं आणि तो दिवस माझा फार वाईट गेला. स्वयंपाकघरात उभी होते, गॅस पेटवला आणि वर काय ठेवायचं तेच आठवेना. प्रत्येक गोष्टीला एकेक साधं कारण सापडत होतं. सगळ्यांना मिळून एक मात्र सापडत नव्हतं.

काल शेवटच्या दिवशी सरांनी प्रत्येकाला उभं केलं आणि इथून काय घेऊन चाललात ते सांगा म्हणाले. केमिस्ट म्हणाले, मी 'माहीत नाही' असं लिहायला शिकलो, दुकानात अजून म्हणवत नाही. दातांची डॉक्टरीण म्हणाली, मी पेशंटला घाबरवणारे शब्द मोजायला लागले आणि माझी मलाच भीती वाटली. सगळे हसले. मी घरून छानसं भाषण ठरवून नेलं होतं, त्यात दूधवाल्यावर एक विनोदही होता. पण उभी राहिले आणि वेगळंच बोलून गेले. म्हटलं, संशय घ्यायला मला इथे यावं लागलं नाही, तो मी घरून घेऊन आले होते. इथे एवढंच कळलं, की ज्याच्याबद्दल संशय आला त्याला सरळ विचारावं लागतं, आणि ते मला जमत नाही. कारण आपलं माणूस खोटं बोललं तर त्या उत्तराचं करायचं काय, ते कुणी शिकवलेलं नाही. डॉक्टरणीनं पाण्याची बाटली पुढे केली. 'कशावरून' सरांनी काल कशावरून विचारलं नाही.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आमच्या वर्गाचे लेख एकत्र छापायचेत, म्हणून सरांनी माझा लेख तपासून परत दिलाय. पहिलंच वाक्य आहे, 'माझी मुलगी गोगलगायींच्या तुटलेल्या शंखांचा अभ्यास करते.' त्यातल्या 'करते'भोवती त्यांनी गोल काढलाय आणि समासात लिहिलंय, पडताळलंत? नियमच आहे त्यांचा, एकाच्या तोंडून ऐकलेलं दुसऱ्याला विचारल्याशिवाय छापायचं नाही. म्हणून गेल्या आठवड्यात तुझ्या प्रयोगशाळेत फोन करण्यात आला. बघ, मलाही जमतं. मी केला. ज्यानं उचलला तो म्हणाला, त्या आता इथे नसतात, तो प्रकल्प थांबवण्यात आला. कुणी थांबवला, असं विचारलं तर म्हणाला, वरून. मग मी बाबांना पकडलं. ते म्हणाले, तुला सध्या सांगू नये असं ठरवण्यात आलं होतं. मी म्हटलं, कर्ता सांगा. तेव्हा मान खाली घालून म्हणाले, मी आणि मीमीनं. तू कुठल्याशा दुकानात काम करतेस, एवढं त्यांनी सांगितलं. कसलं दुकान ते मी विचारलं नाही, ते मला तुझ्याकडून ऐकायचंय. आईला कोणत्या तोंडानं सांगू, ती तर सगळीकडे शास्त्रज्ञाची आई म्हणून मिरवते, असं तू म्हणालीस म्हणे. ते ऐकून मी रडले. तुझं काम गेलं म्हणून नाही गं, बरणी फुटल्यावर माझ्याकडे धावत येणारी पोर या वेळी तुकडा पाठीमागे धरून उभी राहिली म्हणून. आता एवढं कर. लेख छापायला जायचा थांबलाय, सरांना मी थोडे दिवस मागून घेतलेत. त्या वाक्यात 'करते' ठेवू, 'करत होती' लिहू, की 'पुन्हा करणार आहे', ते तू मला 'मी'नं सुरू होणाऱ्या एका ओळीत कळव. दुकानाबद्दल लिहायचं म्हणालीस तर गोगलगायी खोडून दुकान लिहीन. क्रियापद तुझं तू ठरव, मीमी. कर्ता मात्र मी शाईनं लिहून टाकलाय, 'माझी मुलगी', आणि तो कुठल्याच काळात बदलत नाही.

तुझीच,
आत काय आहे, असं विचारल्याशिवाय न राहवणारी
आई