सरकवा आणि मागवा

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठं काम हातात घेतलं की नोंद पाहिजे. उल्हासनगरच्या भावेशशेठच्या मेडिकलची वेबसाइट मी बदलापुरात बसून बनवतोय, आणि ती अंधांनाही वापरता येणार. पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं: माझे बाबा. काचबिंदूने डावा डोळा गेला, उजव्याला फक्त उजेड कळतो. तेवढ्यावर चामटोलीच्या घरात खिडकीकडे तोंड करून बसतात आणि सगळ्यांच्या आधी सांगतात, उजाडलं. तो उजेड टिकायला रोज थेंब घालावे लागतात. बाबा म्हणाले, दर वेळी कुणाला तरी हाक मारायची लाज वाटते रे, माझं मला मागवता आलं पाहिजे. म्हटलं, आठवड्यात. वर बजावलं, आता दुकानात फोन करायचा नाही, साइटवरूनच मागवायचं. खरं टेस्टिंग असंच होतं.

५ फेब्रुवारी
ऑर्डरला बटण नाही ठेवलं. बटण कोणीही ठेवतं. मी हिरवी पट्टी केलीय, 'सरकवा आणि मागवा'. गोळा बोटाने उजवीकडे ओढला की ऑर्डर. फार देखणी. बायकोला दाखवली. किर्ती म्हणाली, बाबांना कशी दिसणार? बायकोला टेक्निकल गोष्टी समजावत बसायचं नाही, असा नियम केला.

८ फेब्रुवारी, शनिवार
चामटोली. बाबांच्या फोनमधली बाई स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवते. माझ्या पट्टीपाशी आली आणि गप्प. किरकोळ आहे. नियम वाचले की सुटेल.

१० फेब्रुवारी
नियम वाचायला घेतले. सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, प्रत्येक गोष्टीचं नाव आणि काम फोनला कळलं पाहिजे. कसं, ते एरिया नावाच्या नियमांत बघा. एरिया म्हणतं, आधी एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या मूळ भाषेत, तयार वस्तू आहे का बघा. एचटीएमएल म्हणतं, कुठल्या वस्तूला एरियाचं काय चालतं ते वेगळीकडे दिलंय. तिथून परत एरियाकडे. नगरपालिकेत दाखला काढताना असाच फिरलो होतो, पण तिथे निदान मध्ये चहा मिळाला होता. ठरवलं, मुळापासून क्रमाने वाचायचं. मूळ कुठलं ते उद्या.

१३ फेब्रुवारी
भिंतीवर बाणांसकट तक्ता काढला. सगळे बाण फिरून तिथेच येतात. मध्येच एक वाक्य सापडलं: तयार बटण असेल तर तेच वापरा. हे नवशिक्यांसाठी असावं. मी पट्टीलाच एरियाकडून 'बटण' म्हणवून घेतलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
आनंद! बाई म्हणाली, 'मागवा, बटण.' बाबांनी दोनदा टॅप केलं. काही नाही. ओढलं, तर बाई पुढच्याच ओळीवर गेली. एरिया नुसतं नाव देतं म्हणे. काम करून देणं एचटीएमएलकडे. हे कोणीतरी ठळक लिहायला नको का? (लिहिलंय. तक्त्यावर. माझ्याच अक्षरात.) बाबा म्हणाले, माझंच बोट चुकत असेल. थेंब आहेत ना, विचारलं. आहेत थोडे, म्हणाले.

१८ फेब्रुवारी
भावेशशेठचा फोन. सिंधी लकबीत म्हणाले, साईं, कस्टमर को दवाई चाहिए, झूला नहीं, सीधा बटन लगा दो. म्हटलं, हम स्टँडर्ड फॉलो कर रहे हैं. फोन ठेवल्यावर कळलं, मी तत्त्वांची जुनी आवृत्ती वाचत होतो. तक्ता पुसला. पुन्हा पहिल्यापासून.

२० फेब्रुवारी
पाणी नाही. दुपारभर लाइट नाही. वाचायला मूड लागतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार
किर्ती एकटीच चामटोलीला गेली. बाटली रिकामी. कधीपासून, ते बाबा सांगेनात. म्हणाले, सुयोगने फोन करू नको सांगितलंय, त्याचं टेस्टिंग बिघडेल. ती त्यांना तशीच अंबरनाथच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डोळ्यातला दाब खूप वाढलाय. थेंब पुन्हा चालू. डॉक्टर म्हणाले, बघू. पट्टी काढली. एचटीएमएलचं साधं बटण टाकलं. चहा गार व्हायच्या आत झालं.

२३ फेब्रुवारी, रविवार
झोप नव्हतीच. अंधारातच चामटोलीला पोचलो. बाबा जागेच होते. बाई म्हणाली, 'मागवा, बटण.' बाबांनी टॅप केलं आणि माझ्या फोनवर ऑर्डर आल्याची घंटी वाजली. गेली! बाबा इतके खूश, मला जवळ ओढून पाठ थोपटली. म्हणाले, पोरगा हुशार आहे माझा. मग सवयीप्रमाणे खिडकीकडे तोंड करून बसले. बऱ्याच वेळाने विचारलं, सुयोग, उजाडलं का रे?
खोलीभर ऊन होतं. म्हटलं, अजून नाही.